दत्तूची गिटार आणि शारजातली पंगत

आखातात जाऊन आलेल्या बाईला लोक आधी सोन्याचं विचारतात, मग उन्हाचं. दोन्हींची उत्तरं देऊन मी मोकळी होते. त्यापुढचं कोणी विचारत नाही आणि मलाही चारचौघांत सांगता येत नाही. म्हणून जे बोलायचं राहिलं ते लिहून ठेवते आहे. शाळा चौथीपर्यंतच झाली. जमेल तसं लिहीन.

मी फिरायला गेले नव्हते. धाकटा भाऊ दत्तू, त्याचं लग्न जमवायला गेले होते. आई लवकर गेली तेव्हा तो लहान होता, त्याला मीच वाढवलं. चाळिशीला टेकला तरी लग्नाचं नाव काढत नव्हता. शारजात आमच्याच समाजातलं एक मोठं घर होतं, बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टरचं. त्यांची मुलगी बँकेत नोकरीला, तिशी उलटलेली. मध्यस्थाने निरोप आणला की घरातलं वडील माणूस आलं तर बोलणी होतील. आमच्या घरात आता वडील माणूस म्हणजे मीच. दत्तूने तिकीट पाठवलं आणि फोनवर बजावलं, "आक्का, मसाल्यात खसखस असली तर घरीच ठेव. इथे ती अफूत मोजतात, तुरुंगात टाकतात."

मध्यस्थाला मी सांगितलं होतं, मुलगा ड्राफ्ट्समन आहे, कंपनीत नकाशे काढतो.

शारजा

विमानतळावर माझी पिशवी उघडली तेव्हा आमसुलं, कुळथाचं पीठ आणि सुके बांगडे निघाले. तपासणाऱ्या तरुण अरबाने बांगड्यांचं पुडकं नाकाशी नेलं आणि लांब धरलं. मागे रांग उभी होती. मला वाटलं, जमीन दुभंगावी. मग तो हसला, "हबीबी, फिश?" असं काहीसं म्हणाला आणि पुडकं परत ठेवलं. बाहेर येऊन दत्तूला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, तेही सुकी मासळी खातात. त्याला भूक लागली असेल."

दत्तू रोला नावाच्या भागात राहतो. खाली सगळी आपलीच दुकानं, मलबारी, गुजराती, कोकणातले मुसलमान. एका रत्नागिरीच्या दुकानदाराने मला पाहिल्याबरोबर विचारलं, "कंचा गाव?" आणि पैसे न घेता चहा दिला. तिथला चहा डब्यातल्या घट्ट दुधाचा, वेलची घातलेला, कढवून कढवून विटकरी झालेला. एक कप एक दिरहॅमला. दत्तू म्हणाला, "बारा रुपये समज." मी तेव्हापासून चहा प्यायचं कमी केलं.

त्याच्या खोलीत मला नकाशाचं टेबल दिसेना. भिंतीला तीन गिटारी टांगलेल्या, खुंटीवर रुंद काठाच्या दोन टोप्या, दाराशी उंच टाचांचे बूट.

"नोकरी?" मी विचारलं.

"सोडली. दोन वर्षं झाली."

"मग खातोस काय?"

"वाजवतो. हॉटेलचा व्हिसा आहे. पगार आधीपेक्षा बरा आहे, आक्का."

मी पदर तोंडाला लावून गॅलरीत जाऊन उभी राहिले. ते का, हे सांगायला मागचं थोडं सांगावं लागेल.

आमचे बाबा सनई वाजवायचे. देवळात सकाळ-संध्याकाळ, आणि लग्नसराईत लोकांच्या दारात. वाजंत्र्यांना मान असायचा तो वाजत असेपर्यंत. पंगत बसायची ती आधी वऱ्हाडाची, मग घरच्यांची, मग वाढप्यांची, आणि सगळ्यांच्या मागून वाजंत्र्यांची, मांडवाबाहेर गोठ्याच्या अंगाला. लहान असताना मीही जायचे, बाबांचं सामान राखायला. पोटात कावळे ओरडले तरी मागायचं नाही, वाढलेल्या पानाकडे बघायचं नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. बघून बघून अंगात बसलं. बाबांनी ठरवलं होतं की आपल्या मुलाने दुसऱ्याच्या दारात वाजवायचं नाही. त्यांनी दत्तूला सनईला हातसुद्धा लावू दिला नाही. शिकवलं, आयटीआयला घातलं.

पण मुंबईत चुलत्यांकडे शिकायला राहिला तिथे शेजारी एक ख्रिस्ती म्हातारे होते, लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवणारे. दत्तू त्यांचा बाजार आणून द्यायचा आणि ते त्याला शिकवायचे. बाबांना मरेपर्यंत हे कळलं नाही. मला कळलं होतं, मी बोलले नाही. कुवेतची लढाई संपल्यावर त्याला शारजात काम लागलं, पुढे हमरिया फ्री झोनमध्ये पाइपांच्या कारखान्यात. मला वाटलं होतं, सुटला.

हमरियाच्या वाटेवर

सुटला नव्हता. त्या कारखान्यात पाइप तपासायला अर्ल नावाचे एक अमेरिकन साहेब यायचे. त्यांच्या गाडीत गिटार असायची. जेवणाच्या सुट्टीत ते शेडच्या सावलीत बसून वाजवत. दत्तू आधी लांबून ऐकायचा, मग जवळ गेला, मग एक दिवस त्यांनी गिटार त्याच्या हातात दिली.

शुक्रवारी सकाळी दत्तू मला त्या साहेबांच्या घरी घेऊन गेला. समुद्राकाठचा रस्ता, एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला पिवळी रेती आणि तिच्यात उगीच उभा राहिलेला एक उंट. आपल्याकडे वाटेत गाय आडवी येते तसा.

साहेबांच्या व्हरांड्यात सात-आठ माणसं वर्तुळ करून बसली होती. एकाकडे बँजो, एकाकडे छोटं मँडोलिन, एका गोऱ्या बाईकडे व्हायोलिन. ऐकणारी मी एकटीच. दत्तू मला हळूच सांगत होता, "याला ब्लूग्रास म्हणतात. यांच्या डोंगरातल्या लोकांचं वाजप. ढोल नाही, वीज नाही, नुसत्या तारा. एकाने चाल उचलायची, बाकीच्यांनी दबून साथ द्यायची. त्याचं झालं की दुसऱ्याने उचलायची."

"ब्लूग्रास म्हणजे?"

"निळं गवत."

"गवत कधी निळं असतं?"

"मला काय माहीत? मी कुठे गेलोय तिकडे!"

दत्तूची पाळी आली तेव्हा सगळे पुढे वाकले. त्याची बोटं दिसेनात. तापलेल्या तेलात मोहरी पडावी तसे सूर उडत होते, आणि तरी एकेक दाणा वेगळा ऐकू येत होता. अर्लसाहेबांनी डोळे मिटून मान हलवली. वाजवून झाल्यावर साहेबांच्या बायकोने सगळ्यांना एकाच टेबलाशी बसवलं, गरम पावासारखं काहीतरी आणि मध दिला. मग ती माझ्याकडे वळून काही बोलली.

"विचारतेय, तू गातेस का," दत्तू म्हणाला.

मी उठले आणि न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसले. बराच वेळ. बाहेर दत्तू कोणाला तरी सांगत होता की माझ्या बहिणीला गाडी लागली आहे.

दुबईतलं हॉटेल

शारजात दारूला बंदी, म्हणून असली हॉटेलं सगळी दुबईत. एका संध्याकाळी दत्तू मला त्याच्या हॉटेलात घेऊन निघाला. गाडी मरीना नावाच्या भागाकडे गेली. तिथे तेव्हा समुद्राचं पाणी आत घ्यायला जमीन खणून ठेवली होती आणि क्रेनांचं रान उभं होतं. दत्तू म्हणाला, "इथे बिल्डिंगा येणार, आक्का, ढगापर्यंत." मला तो नुसता मोठा खड्डा दिसला.

हॉटेलात मी कोपऱ्यातल्या खांबाला टेकून बसले. एका केरळी वेटरने संत्र्याचा रस आणून दिला, "चेची, चोवीस दिरहॅमचा आहे, पण तुम्हाला फ्री," म्हणाला. चेची म्हणजे त्यांच्याकडे ताई. मी मनात हिशेब केला आणि पेला हातात धरून बसले, प्यायचा धीर होईना. दत्तू टोपी आणि बूट घालून आला. शुक्रवारचीच ती डोंगरातली चाल, पण आता मागे ड्रम होता आणि गिटारीत वीज. याला कंट्री रॉक म्हणतात. तेलाच्या कंपन्यांतली धिप्पाड माणसं ग्लास उंच करून नाचत होती. ती दत्तूला "डच! डच!" अशी हाक मारत होती. दत्ता म्हणायला त्यांची जीभ वळत नाही. एकाने शिट्टी मारून काही फर्माईश केली. दत्तूने टोपी काढली, कमरेत वाकला आणि हसला.

ते वाकणं मी ओळखलं. बाबा यजमानांपुढे असेच वाकायचे.

मध्यंतरात बँडवाले जेवायला गेले. हॉलमधून नाही, मागच्या जिन्याने खाली, नोकरांच्या कँटीनला. दत्तू मलाही घेऊन गेला. फिलिपिनो ड्रमवाला माझ्यासाठी खुर्ची पुसत होता, दत्तू ताट वाढत होता, आणि मला हुंदका येत होता. "तिखट आहे का गं?" दत्तूने विचारलं. मी हो म्हटलं.

घरी परतताना मी त्याला म्हटलं, "मुलीकडे हे वाजवण्याचं काढू नकोस."

"त्यांनी विचारलं तर खोटं बोलणार नाही."

"विचारलं नाही तर?"

त्याने गाडीचा वेग कमी केला आणि म्हणाला, "तर आपणहून काढणार नाही. तुझ्यासाठी."

शेठांचं घर

मुलीच्या वडिलांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल. सगळे त्यांना शेठ म्हणत. बुधवारी त्यांनी जेवायला बोलावलं. त्यांच्या धंद्यातलं एक गुजराती जोडपं आणि पुण्याचे एक इंजिनिअर व त्यांची बायको, एवढेच बाकीचे पाहुणे. घर मोठं, पायाखाली गालिचा, भिंतीवर काबा नाही आणि गणपतीही नाही, नुसतं घड्याळ.

शेठांची बायको मोकळी. "ताई, नुसत्या साडीवर आलात? अहो, एसीत थंडी वाजेल, शाल घ्या." शेठ मात्र मोजकं बोलत. आधी गाव विचारलं, मग इकडे कसं वाटतं. दत्तूला म्हणाले, "हमरियाला ना तुम्ही?"

"होतो," दत्तू म्हणाला.

तेवढ्यात मुलगी ट्रे घेऊन बाहेर आली. दत्तूकडे पाहिलं आणि ट्रे धरून तशीच उभी राहिली. "ओ माय गॉड. यू आर डच!"

"कोण डच?" तिच्या आईने विचारलं.

"मम्मी, आमच्या ऑफिसची पार्टी होती ना, ही इज द गिटार प्लेअर! ही इज अमेझिंग!"

शेठांनी माझ्याकडे पाहिलं. मध्यस्थाला काय सांगितलं होतं ते त्यांना आठवत असणार, मला तर आठवतच होतं. माझे कान तापले. पण पुण्याची बाई टाळ्या पिटायला लागली, मुलीने आतून भावाची जुनी गिटार आणली, गुजराती पाहुणे म्हणाले, "यल्ला, हो जाये!" दत्तूने माझ्याकडे बघितलं, मग तारा जुळवल्या आणि वाजवलं. डोंगरातलीच एक चाल, आधी संथ, मग पळवत नेलेली. सगळ्यांनी टाळ्यांनी ठेका धरला. संपल्यावर मुलगी म्हणाली, "वन मोअर!" आणि दत्तू हसला. असा हसताना मी त्याला फार दिवसांनी पाहिलं.

मग शेठांची बायको म्हणाली, "चला, पानं वाढलीत. कोंबडी-वडे आहेत, आपल्या पद्धतीचे."

सगळे टेबलाकडे निघाले. माझे पाय दुसरीकडे वळले. मी काही ठरवलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीला लागून थोडी जागा होती, तिथे जाऊन मी खाली बसले, गुडघे जवळ घेऊन, तोंड भिंतीकडे करून.

"अगं बाई! ताई, तिथे का बसलात?"

"तुमचं होऊ द्या," मी म्हटलं. "मी मागून बसते."

"मागून म्हणजे? पाहुणे तुम्ही!"

बाकीचे नुसते बघत होते. पुण्याच्या बाईला वाटलं मला चक्कर आली, ती पाणी आणायला धावली. पण शेठ जागच्या जागी थांबले होते, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग गेला होता. मी तिथे का बसले ते त्यांना कळलं होतं. हे मला त्याच क्षणी समजलं आणि मी अजून खाली बघायला लागले.

"त्यांचा उपास असेल," शेठ मोठ्याने म्हणाले. "आग्रह करू नका."

"बुधवारचा कसला उपास?" बायको म्हणाली.

"असतो काहींचा! फळं दे त्यांना."

मी मान हलवली. उपासच आहे म्हटलं. तिने केळी आणि खजूर आणून माझ्यापुढे ठेवले. वड्यांचा वास घरभर सुटला होता. इतक्यात दत्तूची खुर्ची मागे सरकली.

"उपास नाही तिचा," तो म्हणाला. आवाज चढवला नव्हता. "आमचे बाबा सनई वाजवायचे लग्नात. आमच्याकडे वाजवणाऱ्यांनी मागून जेवायची पद्धत. आता मी वाजवलं ना, म्हणून ती थांबली."

मुलगी म्हणाली, "डॅडी, इज दॅट ट्रू? म्युझिशियन्स ईट लास्ट? दॅट्स सो मीन."

"असतं गावाकडे कुठे कुठे," शेठ म्हणाले आणि भाताचं भांडं उगीच दुसरीकडे सरकवलं. "आमच्याकडे नव्हतं असलं काही."

शेठांच्या बायकोने मला हाताला धरून उठवलं आणि टेबलाशी बसवलं. सगळ्यांनी मला वाढायचा सपाटा लावला. मी जेवले. पानात काही टाकायचीही लाज वाटत होती.

परतताना गाडीत दत्तू पहिल्यांदा बोलला तो हे: "मुलगी बरी वाटली मला, आक्का." इतक्या वर्षांत कोणत्याही मुलीबद्दल तो असं बोलला नव्हता. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. तो म्हणाला, "तू मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना चालेल, तर चालेल. इन्शाल्ला."

शेवटचे दिवस

त्यापुढे मला फारसं काही पाहवलं नाही. खाडीत छोट्या होडीतून दत्तूने फिरवलं, त्यात माझी एक चप्पल पाण्यात पडली आणि मी एका पायात चप्पल घालून सोन्याच्या बाजारातून चालले. झगमगाट बघायचा सोडून लोक माझे पाय बघत होते. दत्तू फोन वाजला की पहिल्या घंटीला उचलायचा. मग "नाही, हॉटेलचा होता," म्हणायचा, मी न विचारताच.

फोन आलाच नाही. शेठ स्वतः आले, एकटे. दत्तू अंघोळीला गेला होता. मी चहा ठेवला. त्यांनी भिंतीवरच्या गिटारी पाहिल्या, घोटभर चहा घेतला.

"पत्रिका जुळत नाही म्हणाले आमचे गुरुजी," ते म्हणाले.

पत्रिका त्यांनी मागितली नव्हती आणि आम्ही दिली नव्हती. मी "बरं" म्हटलं.

ते उठले. दाराशी एक बूट घातला, दुसरा हातात तसाच राहिला.

"तुमचे वडील सनई वाजवायचे, म्हणाले तुमचे भाऊ."

"हो."

त्यांनी जिन्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. "आमचे ताशा," ते म्हणाले. "मुलांना माहीत नाही. घरच्यांना शेती होती एवढंच माहीत आहे. ताई, गावाकडे कुठे बोलू नका."

"नाही बोलणार."

एवढ्यावर मी दार लावून घ्यायला हवं होतं. पण कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, "चांगलं वाजवायचे का?"

शेठ बुटाची नाडी बांधायला वाकले होते. तसेच वाकून राहिले.

"काय माहीत," ते म्हणाले. "मी लांब जाऊन उभा राहायचो. कोणाचा रे तू म्हणून कोणी विचारलं, तर दुसऱ्याचं नाव सांगायचो."

ते गेले. दत्तू डोकं पुसत बाहेर आला. टेबलावरचा अर्धा कप बघून त्याला कळलं असावं.

"काय म्हणाले?"

"पत्रिका जुळत नाही."

"बरं," तो म्हणाला. आणि पुढे म्हणाला, "खलास." मग भिंतीवरची गिटार काढून फडक्याने तारा पुसायला बसला. एकच तार पुन्हा पुन्हा पुसत होता. मला ते बघवेना. गावाकडे बोलणार नाही असा शब्द दिला होता, पण हे काही गाव नव्हतं. मी सांगितलं, "त्यांचे वडील ताशा वाजवायचे."

दत्तूचा हात थांबला. "तरीच!"

"काय तरीच?"

"त्या दिवशी मी वाजवत होतो ना, तेव्हा सगळे टाळ्या देत होते, सगळ्या चुकीच्या जागी. शेठ एकटे सोफ्याच्या हातावर दोन बोटं मारत होते. बरोब्बर. मी मुद्दाम पळवलं, तरी सुटले नाहीत. मग मी शेवटपर्यंत त्यांच्याकडेच बघून वाजवलं, आक्का. किती मजा आली! तू नाही पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. दत्तू वाजवत होता तेवढा वेळ मी मान खाली घालून बसले होते, आणि हे लवकर संपू दे म्हणून देवाचं नाव घेत होते.